आढीची खोली

माझ्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारात चपला काढता काढता हमखास विचारतो, नुकत्याच राहायला आलात वाटतं? आम्हाला रत्नागिरीतल्या या फ्लॅटमध्ये बावीस वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, दोन खुर्च्या आणि खिडकीपाशी तुळशीची कुंडी, बस. माझा नवरा लोकांना सांगतो की आमच्याकडे चोर शिरला तर कीव येऊन काहीतरी ठेवून जाईल. हसतात त्यांना हसू दे. मला भरलेलं कपाट दिसलं की जीव घुसमटतो. दर शनिवारी सकाळची शाळा आटपली की मी घरी येऊन एक खण जमिनीवर ओतते, एकेक वस्तू हातात घेते, तिचं काय करायचं ते ठरवते आणि मगच जेवायला बसते. आमच्या शाळेतल्या एका तरुण बाईंनी मला मोबाइलवर दाखवलं की हल्ली याचे वर्ग असतात, लोक घर रिकामं कसं ठेवायचं ते शिकायला जातात. मला गंमत वाटली. मला ते आंब्यांनी शिकवलं.

माझं माहेर रत्नागिरीपासून फार लांब नाही. पूर्णगडच्या रस्त्याने सडा, म्हणजे कातळाचं माळरान, ओलांडला आणि उजवीकडे उतरलं की आमची बाग लागते, बागेच्या मधोमध घर. घराच्या मागच्या अंगाला जांभ्याच्या भिंतींची एक लांबट खोली आहे. तिला उत्तरेकडे एकच खिडकी, त्यामुळे भर वैशाखातही आत गारवा असतो. आंब्याच्या दिवसांत तिथे आढी लागते. म्हणजे जमिनीवर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा पेंढा घालायचा आणि पिकेपर्यंत त्यांना निवांत पडू द्यायचं. दिवसाआड आढी चाळायची. पिकला तो बाहेर, नासला तोही बाहेर, उरलेल्यांवर पुन्हा पांघरूण. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो असं लोक माणसांबद्दल बोलतात. आमच्या घरी ते आंब्याबद्दलच बोललं जायचं.

पण आंबा दोन-अडीच महिन्यांचा पाहुणा. उरलेलं वर्षभर त्या खोलीत घरातलं नको ते सगळं येऊन पडायचं. काड्या मोडलेल्या छत्र्या, गणपतीचं मागल्या वर्षीचं मखर, मुंबईहून येणाऱ्यांसाठीच्या गाद्या, तीन पायांचं टेबल, कशाची तरी झाकणं. मग शिमगा यायचा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तशी आमच्याकडेही यायची, ओटीवर बसायची, आई देवीची ओटी भरायची, आणि पालखी ढोलांच्या आवाजासकट पुढच्या घरी निघून जायची. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोली उपसायला काढत. पालखीच्या आधी नाही आणि नंतर एक दिवस उशिराही नाही.

बाबांचा कायदा साधा होता. खोलीतल्या झाडून सगळ्या वस्तू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडायच्या. ज्याला जे हवं असेल त्याने ते सूर्य मावळायच्या आत उचलायचं आणि घरात दुसरीकडे त्याला जागा करून द्यायची. जे कोणी उचललं नाही ते दुसऱ्या दिवशी घराबाहेर. देण्यासारखं असेल तर कोणाला तरी द्यायचं, नाहीतर न्हाणीच्या चुलीत घालायचं. वर्षातून एकदा प्रत्येक वस्तूला विचारलं पाहिजे की तू कोणाची, असं बाबा म्हणत.

मी सात-आठ वर्षांची असताना माझा शिंपल्यांचा डबा असाच गेला. उचलायला मी विसरले होते, खेळत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी आकांत मांडला, पण बाबा बधले नाहीत. मग मी रुसून त्या मोकळ्या खोलीत जाऊन पडले. जमीन नुकतीच सारवलेली, अजून थोडी ओलसर. खिडकीतून उजेड येत होता पण त्याला कुठे कडा नव्हती, तो सगळीकडे सारखाच होता. मी रडता रडता हुंदका दिला तर खोलीनेही दिला. मी थांबले, तीही थांबली. मग मी हळूच ऊ केलं. तिकडून ऊ आलं. किती वेळ मी तशी पडून होते, जागी होते की झोपले होते, मला आजही सांगता यायचं नाही. मला वाटत होतं की मी पाण्यात आहे आणि मला पोहायला येतं. बाहेर माणसं पेंढ्याचे भारे आणून टाकत होती, त्यांचे आवाज फार लांबून येत होते. शिंपले मला आठवले नाहीत. माझं पुढचं आयुष्य त्या दुपारी ठरलं असं मी सांगायला लागले की नवरा जांभई देतो.

या कायद्याची पहिली गुन्हेगार म्हणजे आई. असू दे, लागेल कधीतरी, हे तिचं पालुपद. उपसण्याच्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन उन्हात त्या वस्तूंमधून फिरायची, एखादी उचलायची, पुसायची, परत ठेवायची. दुपारी बाबा आडवे झाले की तिची खरी कामगिरी सुरू व्हायची. मागच्या दाराने एकेक वस्तू गुपचूप आत. बाबा एक डोळा उघडा ठेवून झोपतात हे तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे बाबांना. कप केव्हाच फुटून गेलेली एक बशी तिने तीन वर्षं अशी वाचवली. मी मात्र कायम बाबांच्या पक्षात. लग्न झाल्यावर आईने काही देऊ केलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, मला काही नको. एखादं पातळ तरी ने गो, म्हणायची. मी म्हणायचे, ठेवू कुठे?

गेल्या श्रावणात आई मागच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघर जवळ म्हणून तिची खाट आढीच्या खोलीत घातली. दोन दिवसांनी तिने पातळांचं लोखंडी कपाटही तिथे आणवून घेतलं. आता नेसता येणार नव्हतं, ती गाऊनमध्ये असायची, तरी तिला ती पातळं नजरेसमोर हवी होती. रोज सकाळी ती सांगेल ते पातळ बाबा काढायचे आणि तिच्या पायांवर पसरायचे. दिवसभर तिचा हात त्यावर फिरत असायचा. संध्याकाळी बाबा ते घडी करून ठेवायचे. बाबांना पातळाची घडी कधी जमली नाही, आणि ती पडल्या पडल्या त्यांना सांगायची, काठाला काठ लावा, काठाला काठ. मी शनिवार-रविवारी जायचे तेव्हा हे दाराशी उभी राहून ऐकायचे आणि आत जायचं राहून जायचं.

कार्तिकात ती गेली. अहेव गेली, कुंकवासकट गेली, भाग्याची, असं सगळ्या बायका म्हणाल्या. मी बाबांकडे बघत होते. मला त्यात कोणाचं भाग्य दिसलं नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि बाबांनी आढीच्या खोलीला बाहेरून कडी घातली.

मग शिमगा आला. वर्ष झालं नव्हतं, म्हणून पालखी घरात घ्यायची नव्हती. ढोल वाजत वाजत ती आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेरून पुढे गेली. आम्ही आतूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघत राहिले. बाबा चहा पिऊन बागेत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले. शेवटी मी विषय काढला, तर कोर्टातला मुद्दा मांडावा तशा शांतपणे बाबा म्हणाले, पालखी आलेली नाही, मग खोली कशी उपसायची? मला आधी हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते गेलं.

माझा भाऊ मुंबईला असतो. त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं. यंदा आढी लागली नाही तर बाग कोणाला तरी कराराने द्यायची आणि बाबांना कायमचं तिकडे न्यायचं. वैशाखातलं तिकीटही काढून ठेवलं त्याने. त्याचं चुकत होतं असं नाही. बाबा एकटे, दोन वेळा पेज पिऊन राहणारे, दिवसदिवस कोणाशी न बोलणारे. बागेचं काम सुटलं तर त्यांना तिथे धरून ठेवणारं दुसरं होतं काय? पण त्याच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली उभे असलेले बाबा माझ्या डोळ्यांपुढे यायचे आणि मला फार भीती वाटायची. ती खोली उघडली, पेंढा पसरला, तर बाबा राहतील. नाहीतर जातील, आणि तिथे लवकरच जातील. मला हे इतकं स्वच्छ दिसत होतं की मी कोणाला विचारलं नाही.

एका शनिवारी मी शाळेतून रजा घेतली आणि सकाळीच माहेरी पोचले. बाबा खालच्या बागेत गेले होते, तिथे फांदी पडून कुंपण मोडलं होतं. जेवायच्या वेळेपर्यंत ते येणार नव्हते. दर हंगामाला आंबे निवडायला वाडीतल्या तीन बायका आमच्याकडे येतात, वर्षानुवर्षं त्याच तिघी. मी त्यांना बोलावून घेतलं आणि कडी काढली.

आत बामचा आणि डांबरगोळ्यांचा वास कोंडून राहिला होता. खाटेवर चादर तशीच. मी एक क्षण उंबऱ्यावर थांबले, पण माझे हात थांबणाऱ्यांतले नाहीत. चार तासांत मी सगळं संपवलं. खाट आणि चालायची काठी खालच्या वाडीतल्या एका आजारी माणसाला, गाद्या उन्हात, औषधं पुरून टाकली. कपाट उघडलं तेव्हा तिघींतली थोरली पुढे आली. ती आईच्याच वयाची, तिला या घरात तीस वर्षं झाली. पदर सावरून म्हणाली, "बाय, काकी अहेव गेल्या. त्यांचं एकेक पातळ आमाला द्या, अंगाला लागू दे." मी म्हटलं, एकेक कशाला, सगळीच न्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. तुमाला ठेवा की दोन, असं थोरली म्हणाली. मी म्हटलं, मला काही नको. हे मी केवढ्या तोऱ्यात म्हटलं ते मला अजून आठवतं.

त्या गाठोडी बांधून घरी ठेवून आल्या. आम्ही फरशी धुतली, कारण सारवलेली जमीन जाऊन आता तिथे शहाबादी आहे. फरशी वाळत असताना मी मध्येच उभी राहिले आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. खिडकीतून हापूसच्या पानांचा हिरवा उजेड आत येत होता आणि ओल्या फरशीत हलत होता. मला वाटलं, आई इथेच कुठेतरी आहे आणि तिलाही बरं वाटतंय. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

बाबा एकच्या सुमाराला आले. हातपाय धुऊन मागच्या दाराने आत येत होते, ते उघडं दार बघून थबकले. खोलीत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी चारही भिंतींकडे बघितलं, मग जिथे कपाट होतं तिथे बघत राहिले. कपाट मी पुसून ओटीवर काढलं होतं, रिकामं.

"सूर्य मावळेपर्यंत तरी थांबायचं होतंस," ते म्हणाले.

जन्मभर ज्या कायद्याचा मी डांगोरा पिटला, तो मीच मोडला होता. ज्याला हवं असेल त्याने उचलायला एक अख्खा दिवस असतो. तो दिवस आम्हाला शिंपल्यांसाठी मिळाला, आईला फुटक्या कपाच्या बशीसाठी मिळाला, आणि बाबांना मी चार तासही दिले नाहीत. मी त्यांना खळ्यात सुद्धा काही मांडून दाखवलं नाही. मी रडायला लागले. म्हटलं, आत्ता जाते, परत आणते, त्या देतील. बाबा म्हणाले, दिलेलं परत मागत नाहीत. मग ते जेवले आणि दोन्ही डोळे मिटून झोपले.

पुढचे पंधरा दिवस फार विचित्र गेले. पेंढा आला आणि खळ्यात ताडपत्रीखाली पडून राहिला. मी शाळा सुटल्यावर रोज एसटीने जायचे, बाबांशी इकडचं तिकडचं बोलायचे, ते हूं हूं करायचे. खोलीचं दार उघडंच होतं आणि ते त्या बाजूला फिरकत नव्हते. मुद्दाम ओटीवरून वळसा घालून न्हाणीघरात जायचे. परतीच्या एसटीत सड्यावरचा वारा लागला की माझे डोळे मिटायचे आणि मला दिसायचं की मी काठाला काठ लावून घड्या घालतेय, घालतेच आहे, आणि कापड काही संपत नाही. कंडक्टर मला हलवून उठवायचा. घरी येऊन मी माझ्या मोकळ्या कपाटापुढे उभी राहायचे. त्यात आईचं एक सूतसुद्धा नव्हतं. कधी नव्हे तो मला त्या मोकळ्या फळ्यांचा राग आला.

चैत्र संपता संपता पहिली तोड झाली. बाबा काही ठरवत नव्हते, पण आंबा कोणासाठी थांबत नाही. भावाच्या तिकिटाला आठ दिवस उरले होते. मी रजा टाकून सकाळपासून माहेरी होते. आंबे खळ्यात येऊन पडले. बाबा पडवीत खुर्चीवर बसले होते, तिथून आतलं दार आणि त्याच्यापलीकडे आढीची खोली सरळ रेषेत दिसते. त्यांनी आंब्यांकडे पाहिलं, मान मागे टेकली आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बागेच्या वरच्या अंगाने त्या तिघी येताना दिसल्या. ऊन पानांतून गळत होतं, त्यामुळे त्या दिसायच्या आणि पुसल्या जायच्या. आधी रंग आला, मग माणसं आली. एक हळदीच्या रंगाचं, एक चौकड्यांचं, एक राखाडी, बारीक जांभळ्या काठाचं. आई तीन ठिकाणी होती. ती झाडाखालून वाकून येत होती, ती गडग्यावर हात टेकत होती, ती मागे वळून कोणाला तरी हसत होती. कामाला येताना बायका जुनं पातळ नेसतात आणि चिकाचे डाग पडू नयेत म्हणून वर पुरुषांचा शर्ट चढवतात. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. माझ्या मनात आलं की धावत जाऊन त्यांना परत पाठवावं, बाबांनी हे बघता कामा नये. पण मी गेले नाही. खरं सांगायचं तर मलाच बघायचं होतं.

बाबांचा डोळा लागला होता. कोणी सांगायची वाट न बघता थोरलीने ताडपत्री काढली, पेंढा उचलला आणि तिघी मागच्या बाजूने खोलीत शिरल्या. राखाडी पातळ थोरलीच्या अंगावर होतं. आत जाऊन तिने शर्ट काढून खुंटीला लावला, दाराकडे पाठ करून उकिडवी बसली आणि पेंढा पसरायला लागली. मी पडवीत बाबांच्या मागे उभी होते. सळसळ ऐकून ते जागे झाले. काही क्षण ते नुसते समोर बघत होते. मग त्यांच्या नेहमीच्या, पाच महिने न ऐकलेल्या, करवादलेल्या आवाजात म्हणाले,

"अगो, पेंढा एवढा जाड नको घालूस. उबतील ते."

थोरलीचा हात थांबला. बाकीच्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, ती नाही. थोरलीने मान वळवली नाही. तिने पेंढा पुन्हा पसरायला घेतला आणि पाठमोरीच म्हणाली,

"मग तुमीच या नि घाला."

खुर्ची करकरली. बाबा उठले, सरळ आत गेले, न थबकता उंबरा ओलांडला आणि तिच्या बाजूला गुडघे मोडून बसले. तिचा चेहरा आता त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यांना दिसला नसेल असं नाही. ते उठले नाहीत. त्यांनी तिने घातलेल्या पेंढ्यातला निम्मा काढला, बाकीचा बोटांनी सारखा केला आणि आंब्यासाठी हात पुढे केला. तिने आंबा दिला. त्यांनी तो मांडला. असे पाच, दहा, वीस. मी दाराच्या चौकटीला धरून रडत होते आणि मला कोणी थांबवत नव्हतं.

पहिली ओळ पुरी झाली तेव्हा बाबांनी पंच्याने कपाळ पुसलं. तिच्याकडे न बघता, पेंढ्यावर नजर ठेवून ते म्हणाले, "उद्यापण हेच नेसून ये हो."

"ह्ये उद्या धुवायला पडेल, काका," थोरली म्हणाली. "दुसरं नेसेन. आमा तिघींत मिळून चाळीस हायत. मिरगापर्यंत पुरतील."

बाबांनी मान हलवली आणि पुढच्या आंब्यासाठी हात पुढे केला. मी खळ्यात आले, डोळे पुसले आणि भावाला फोन लावून तिकीट रद्द करायला सांगितलं.